चतुर्ध्रुव परिबलातला अर्ध्याचा घोळ

कार्बन डायऑक्साइडचं चतुर्ध्रुव परिबल, म्हणजे रेणूतले विद्युतभार अक्षाच्या दिशेनं आणि आडवे किती वेगळे पसरलेत याचं माप, कुठे −४.३ दिलेलं असतं, कुठे −८.६. एकक दोन्हीकडे डिबाय-अँगस्ट्रॉमच (डिबाय हे द्विध्रुव परिबलाचं एकक, अँगस्ट्रॉम लांबीचं). मोजणाऱ्याची चूक नाही; व्याख्याच दोन आहेत.

द्विध्रुवाच्या, म्हणजे एकमेकांपासून सरकलेल्या धन आणि ऋण भारांच्या जोडीच्या, बाबतीत एवढं बिनसलं नव्हतं. परावैद्युतांक (पदार्थ विद्युत क्षेत्र किती क्षीण करतो तो आकडा) तापमानाबरोबर कसा बदलतो, यावरून १९१२ मध्ये रेणूंच्या कायमच्या द्विध्रुव परिबलाचा सिद्धांत मांडला गेला. बाण कोणत्या टोकाकडे काढायचा यावर रसायनवाल्यांचं आणि भौतिकीवाल्यांचं अजून जमत नाही, पण आकडा तोच राहतो.

चतुर्ध्रुवात स्थानांचे वर्ग आणि गुणाकार येतात. त्यांना भारानं गुणून नुसत्या बेरजा घेतल्या तर सहा स्वतंत्र घटक होतात, पण रेणूबाहेरच्या विद्युत वर्चसाला (पोटेन्शियलला) पाचच पुरतात. घटकांच्या तक्त्यात कर्णावर बसणाऱ्या तिघांची, म्हणजे तिन्ही अक्षांवरच्या वर्गांची, बेरीज बाहेर जाणवतच नाही (इलेक्ट्रॉनांचा त्यातला वाटा प्रतिचुंबकत्वात, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकललं जाण्यात, मात्र लागतो). म्हणून ती वजा करायची रीत पडली. मग उरतं ते असं: अक्षावरच्या अंतराच्या वर्गाची तिप्पट, वजा एकूण अंतराचा वर्ग. अणुकेंद्रांसाठी हेच चालतं. ड्यूटेरॉनचं (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेल्या अणुकेंद्राचं) १९३९ मधलं चतुर्ध्रुव परिबलही याच मापाचं. रेणूवाल्यांनी मात्र त्याला अर्ध्यानं गुणलं, आणि १९५९ च्या एका आढावालेखानंतर ते रूढ झालं. मला तो अर्धा पटतो. सरळ रेषेतल्या रेणूसाठी त्यामुळे अक्षावरचा वर्ग वजा आडवा वर्ग, एवढंच स्वच्छ सूत्र उरतं. १९६३ मध्ये जागेनुसार बदलणाऱ्या विद्युत क्षेत्रानं वायूत घडवलेल्या दुहेरी वक्रीभवनातून (वेगळ्या दिशांना कंप पावणाऱ्या प्रकाशाचा वेग वेगळा होण्यातून) कार्बन डायऑक्साइडचं परिबल थेट मोजलं गेलं, तेही अर्ध्यासकट. पण जुनी सवय सुटली नाही, आणि काही संगणकी प्रणाली आजही कर्णाची बेरीज न काढता सहाही घटक छापतात.

क्वांटम यांत्रिकीत सूत्रं तीच राहिली. बिंदुभारांच्या जागी इलेक्ट्रॉनांची संभाव्यता-घनता (ते कुठे सापडण्याची शक्यता किती) आली. अडचण निराळीच निघाली. निश्चित समता असलेल्या (सगळ्या दिशा उलटवल्या तरी तीच राहणाऱ्या किंवा फक्त चिन्ह बदलणाऱ्या) अवस्थेतल्या एकट्या रेणूचं सरासरी द्विध्रुव परिबल शून्यच येतं. पाण्याचे १.८५ डिबाय हे अणुकेंद्रं जागच्या जागी धरलेल्या रेणूचे. त्याच पाण्याचं चतुर्ध्रुव परिबल आरंभबिंदू (जिथून अंतरं मोजायची तो बिंदू) सरकवला की बदलतं, कारण पहिलं शून्येतर परिबलच तेवढं आरंभबिंदूवर अवलंबून नसतं. आरंभबिंदू सहसा वस्तुमानकेंद्रावर ठेवतात. मग एका हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (त्याचाच जड प्रकार) बसवलं, की वस्तुमानकेंद्र सरकतं आणि इलेक्ट्रॉन जागचे हलले नसतानाही आकडा हलतो.