साबरमती आश्रमाचा पुनर्विकास : पार्श्वभूमी

अहमदाबादच्या साबरमती आश्रमाच्या सुमारे १,२०० कोटी रुपयांच्या पुनर्विकासावरून जी कोर्टबाजी झाली, तिच्या मुळाशी जमीन आहे आणि त्या जमिनीवर राहणारी माणसं.

पहिला आश्रम आजच्या जागी नव्हताच. २५ मे १९१५ रोजी गांधीजींनी तो कोचरबला, एका भाड्याच्या बंगल्यात काढला. काही महिन्यांतच दुदाभाई, दानीबहन आणि छोटी लक्ष्मी हे दलित कुटुंब राहायला आलं आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला. गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी तेरा हजार रुपये दिले म्हणून निभावलं. १९१७ मध्ये कोचरबला प्लेग आला, तेव्हा बिऱ्हाड साबरमती तुरुंगाजवळच्या माळावर हललं. झाड नाही, घर नाही. राहायला तंबू, स्वयंपाकाला पत्र्याची शेड. साप भरपूर, पण मारायचे नाहीत!

पुढे शेती, गोशाळा, खादी, राष्ट्रीय शाळा असा पसारा वाढला. त्यात मराठी माणसं मोक्याच्या जागी होती. विनोबा कोचरबपासूनचे, शाळेत काकासाहेब कालेलकर, आणि प्रार्थनेचं गाणं पलुस्करांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांच्याकडे.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी दांडीला निघाले ते स्वराज्याशिवाय न परतण्याच्या निश्चयाने. १९३३ मध्ये त्यांनी आश्रम विसर्जित केला आणि जागा हरिजनसेवेला दिली. स्वातंत्र्यानंतर ती वेगवेगळ्या ट्रस्टांकडे विभागली गेली. आश्रमाच्या कार्यकर्त्यांची पुढची पिढी तिथेच राहिली. पर्यटक पाहतात तो सुमारे पाच एकरांचा तुकडा. त्यातलं चार्ल्स कोरियांचं १९६३ चं संग्रहालय मला तिथली सगळ्यात शहाणी इमारत वाटते. विटांचे खांब, कौलं, काचेऐवजी लाकडी झडपा. शेजारच्या हृदयकुंजाशी, म्हणजे गांधीजींच्या राहत्या घराशी, स्पर्धा नाही.

मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या आराखड्यात हा परिसर ५५ एकर होतो. ३६ जुन्या वास्तूंपैकी २० जतन करायच्या, १३ दुरुस्त करायच्या, तीन नव्याने उभारायच्या. विस्कटलेला आश्रम एकसंध होणार, हा दावा अगदीच पोकळ नाही. पण त्यासाठी तिथल्या कुटुंबांना मोबदला देऊन हलवावं लागलं. वस्ती हाच ज्याचा प्राण होता, तो आश्रम माणसांवाचून पुन्हा पूर्वीसारखा कसा होणार, हे मला उमगत नाही. गांधीजींचे पणतू तुषार गांधी या आराखड्याविरुद्ध २०२१ मध्येच गुजरात उच्च न्यायालयात गेले होते. ट्रस्टांना बाजूला सारून सरकार कारभार हाती घेईल, ही त्यांची मुख्य भीती. तिथे दाद न मिळाल्यावर ते दिल्लीला गेले, पण याचिकेला फार उशीर झाला, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी ती फेटाळली.