गेटपासून पॅचपर्यंत: एचटीटीपी मेथडची पार्श्वभूमी

ब्राउझर सर्व्हरला, म्हणजे पानं ठेवणाऱ्या संगणकाला, जी मागणी पाठवतो ती रिक्वेस्ट, आणि त्या मागणीचा प्रकार म्हणजे मेथड. वेब सुरू झालं तेव्हा मेथड एकच होती, गेट. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत आखलेल्या एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, ब्राउझरने पत्ता पाठवायचा आणि सर्व्हरने पान द्यायचं, एवढाच व्यवहार. वेब वाचण्यापुरतं होतं तोवर ते पुरलं. पुढे लोक फॉर्म भरू लागले. मे १९९६ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात गेटच्या जोडीला पोस्ट आणि हेड दिसतात. पोस्ट फॉर्ममधली माहिती सर्व्हरकडे पाठवतं. हेड पान आणत नाही, फक्त पानाविषयीची माहिती आणतं.

जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये पुट (दिलेल्या पत्त्यावर ही माहिती ठेवा), डिलीट (तिथली माहिती काढा), ऑप्शन्स (कोणत्या मेथड चालतात ते सांगा) आणि ट्रेस (आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी परत दाखवा) आले. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच: कोणती रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी चालेल, हे तिथे नीट मांडलं गेलं.

कोकणात वेबसाइट बनवणाऱ्याला याची किंमत चटकन कळते. हापूसच्या हंगामात देवगड-रत्नागिरीचे बागायतदार पेट्यांच्या ऑर्डर ऑनलाइनही घेतात. गिऱ्हाईक कोकण रेल्वेत बसून ‘ऑर्डर करा’ दाबतं, गाडी साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरते आणि रेंज जाते. ऑर्डर सर्व्हरवर पोचलेली असते, पण तसं कळवणारं उत्तर अडकतं. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा बटण दाबलं तर? दर पाहण्यासाठीचं गेट कितीदाही जाऊ दे, काही बिघडत नाही. ‘या क्रमांकाच्या ऑर्डरमध्ये तीन पेट्या’ असं पुट दोनदा गेलं तरी पेट्या तीनच. डिलीटचंही तसंच. पोस्ट मात्र दोनदा गेलं की दोन ऑर्डरी, सहा पेट्या.

मार्च २०१० मध्ये आलेला पॅच फक्त बदल पाठवतो. ‘एक पेटी वाढवा’ हा पॅच दोनदा गेला तर दोन वाढतात, म्हणून तोही जपूनच वापरावा.

फक्त वाचणारं गेट आणि बदल करणाऱ्या मेथड यांतला भेद न पाळल्याचा फटका २००५ मध्ये दिसला. गूगलचं वेब अ‍ॅक्सिलरेटर पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे गेट पाठवायचं. काही वेब अ‍ॅपमध्ये ‘काढून टाका’ हीसुद्धा साधी लिंक होती. माणसाने क्लिक न करताच नोंदी पुसल्या गेल्या. गेटने फक्त वाचावं, हा नियम तोवर कागदावर येऊन बरीच वर्षं झाली होती.

एचटीएमएल या वेबपानं लिहिण्याच्या भाषेतल्या साध्या फॉर्ममधून आजही गेट किंवा पोस्टच जातं. पुट-डिलीटसाठी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये प्रोग्राम चालवणारी भाषा, लागते. त्यामुळे पेट्यांची ऑर्डर बहुतेक ठिकाणी पोस्टनेच येते. अशा वेळी फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरने नवी नोंद न करता आधीच्या ऑर्डरची पावती पुन्हा पाठवावी.