ताई ची आणि उतारवय

ताई ची (पूर्ण नाव ताईजीक्वान) : मूळची चिनी युद्धकला, आज जगभर संथ, सलग हालचालींचा व्यायाम म्हणून केली जाते. ‘ताईजी’ म्हणजे परम टोक, ज्यातून यिन आणि यांग ही परस्परपूरक तत्त्वे निघाली ते मूळ तत्त्व. ‘क्वान’ म्हणजे मूठ. प्राणशक्ती या अर्थाचा ‘ची’ हा चिनी शब्द वेगळा, त्याचा या नावाशी संबंध नाही. मराठीत हे नाव ‘ताईची’ असे जोडूनही लिहितात.

ताई चीचे फायदे सांगताना रक्तदाब, झोप, गुडघे, मनाची शांती अशी लांबलचक यादी दिली जाते. ती खोटी नाही. मात्र साठी ओलांडलेल्या माणसासाठी सर्वांत मोलाची आणि सर्वांत चांगली तपासली गेलेली गोष्ट एकच आहे : ताई ची नियमित करणारी माणसे कमी पडतात. म्हणून या नोंदीत तोलाला जास्त जागा दिली आहे.

उगम. हेनान प्रांतातील चेनजियागोउ हे गाव ताई चीचे माहेर मानले जाते. सतराव्या शतकात तेथील चेन वांगतिंग याने घराण्याची पद्धत बसवली, असे चेन परंपरा सांगते. याच गावात शिकलेल्या यांग लुचान (१७९९–१८७२) याच्यापासून यांग शैली सुरू झाली आणि तीच सर्वांत जास्त पसरली. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांग शैलीतून २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. नवशिक्याला आजही बहुतेक ठिकाणी हाच क्रम शिकवतात. हालचालींची नावे चित्रासारखी आहेत : ‘घोड्याची आयाळ विंचरणे’, ‘पांढरा करकोचा पंख पसरतो’, ‘ढगांसारखे हात’, ‘सोनेरी कोंबडा एका पायावर’. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताईजीक्वानचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

तोल आणि पडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. पण मृत्यूच्या आकड्यात या दुखण्याचा खरा आवाका दिसत नाही. आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य ‘पडल्यापासून आई खचली’ हे आहे. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया नीट पार पडते, हाड जुळतेही. पण पुन्हा पडू ही धास्ती जात नाही. धास्तीपोटी चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्या आणि पोटऱ्या सुकतात आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. एकदाही न पडलेली माणसेही या धास्तीने घरात बसतात.

शरीर तोल सांभाळते ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर : डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-घोटे-गुडघे यांतली जाणीव. वय वाढले की तिन्ही मंदावतात. मोतीबिंदूने नजर धूसर होते. अनेक वर्षांच्या मधुमेहाने तळपाय बधिर होतात आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. त्यात स्नायूंचा जोर घटलेला असतो, त्यामुळे तोल गेल्याचे कळले तरी पाऊल टाकून सावरायला उशीर होतो.

हा बदल माणसाला फार आधी जाणवतो, फक्त तो त्याची दखल घेत नाही. सकाळी उभ्याने पायजमा घालताना पहिला पाय सहज जातो. दुसरा पाय उचलला की शरीर डुलते आणि हात आपोआप पलंगाची कड शोधतो. पुढे तो माणूस पलंगावर बसूनच पायजमा घालू लागतो आणि ‘असेच बरे पडते’ म्हणतो. एका पायावर काही क्षण उभे राहण्याची क्षमता तिथेच त्याच्या हातून निसटलेली असते. ही क्षमता क्षुल्लक नाही. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर पाचांपैकी एकाला दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही आणि पुढील वर्षांत त्या गटात मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही; शरीराची एकूण उतरण तोलात लवकर उमटते, एवढाच अर्थ आहे.

ताई चीचे पाऊल. या व्यायामाचे मर्म हातांच्या सुंदर वळणांत शोधले जाते. ते खरे पावलात आहे. ताई चीत ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ असे पायांचे दोन प्रकार मानतात. गुडघे किंचित वाकवून सगळे वजन उजव्या पायावर घ्यायचे. उजवा भरला, डावा रिकामा. आता डावे पाऊल पुढे जाते, पण त्यावर भार अजिबात नसतो. टाच जमिनीला टेकते, जमीन चाचपते. मग चवडा, मग बोटे. तोवर माणूस उजव्या पायावरच उभा असतो आणि वाटले तर डावे पाऊल सहज परत घेऊ शकतो. खात्री पटली की वजन हळूहळू, भांड्यातून भांड्यात पाणी ओतावे तसे, डावीकडे सरकते. ताई चीच्या परंपरेत याला मांजराचे चालणे म्हणतात.

आपण एरवी असे चालत नाही. आपण पुढे झुकतो आणि पाऊल पडेल तिथे वजन टाकून मोकळे होतो. तरुणपणी ते चालते. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारातल्या शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर, बाथरूमच्या ओल्या फरशीवर, फाटकाशी साचलेल्या गढूळ पाण्यात मात्र पाऊल परत घेता येणे हाच बचाव असतो. ताई ची करणारा माणूस ही परत घेण्याची क्रिया एका सत्रात शेकडो वेळा गिरवतो. शिवाय या व्यायामात वळणे भरपूर आहेत : कंबर वळते, मान वळते, नजर हाताबरोबर फिरते आणि पाय त्याच वेळी जागा बदलतात. ओट्यावरून कुकर घेऊन वळताना, कुणी मागून हाक मारल्यावर झटकन पाहताना, रिक्षातून उतरताना तोल जातो तो अशाच वळणांत. वृक्षासनात माणूस एका पायावर स्थिर राहायला शिकतो; ताई चीत तो एका पायावरून दुसऱ्यावर जाताना स्थिर राहायला शिकतो. दोन्हींची गरज आहे, पण पडणे बहुधा त्या जाण्याच्या क्षणी होते.

अभ्यास काय सांगतात. अटलांटा येथे सत्तरीपुढील २०० जणांवर झालेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हा या विषयातला पहिला गाजलेला प्रयोग. १५ आठवड्यांच्या ताई चीने वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील ओरेगन राज्यात २०१८ चा अभ्यास झाला आणि त्याची योजना अधिक काटेकोर होती. आदल्या वर्षी पडलेल्या किंवा हालचाल मंदावलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या ६७० जणांचे तीन गट केले. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. ताई चीच्या गटात पडण्याचे प्रमाण नुसते ताणाचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी आणि चालणे, ताकद, तोल असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होते. अनेक प्रयोग एकत्र तोलणारा २०१९ चा कॉक्रेन आढावा जास्त सावध आहे : ताई चीमुळे पडणाऱ्या व्यक्तींची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटते. हा आकडा छोटा वाटेल, पण त्यामागचा पुरावा भक्कम आहे आणि आपण हाच धरून चालावे.

कंपवाताच्या (पार्किन्सन) १९५ रुग्णांवरील २०१२ च्या अभ्यासात ताई ची करणाऱ्यांचा तोल ताकदीचे आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्ग संपल्यावर तीन महिने तो टिकला. गुडघ्याच्या झिजेवर २०१६ मध्ये २०४ जणांची तुलना झाली; १२ आठवड्यांनी ताई ची आणि फिजिओथेरपी दोन्हींनी दुखणे सारखेच कमी झाले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांत गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस केली आहे. रक्तदाबाबाबत २०२४ चा एक चिनी अभ्यास आशादायक आहे : वर्षभरात वरचा आकडा ताई चीने सुमारे ७ ने, एरोबिक व्यायामाने सुमारे ४.६ ने उतरला. मात्र त्यातले लोक १८ ते ६५ वयाचे होते आणि त्यांचा रक्तदाब नुकताच वाढू लागलेला होता. सत्तरीतल्या माणसाने त्यावरून आपली गोळी बंद करू नये. झोप आणि उदासी यांतही सुधारणा आढळते; त्यात गटात येण्याजाण्याचा, चार माणसे भेटण्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. हाडे घट्ट होतात, असे खात्रीने सांगण्याइतका पुरावा मात्र नाही.

ठाणे आणि नवी मुंबई. या दोन शहरांत हा विषय निकडीचा आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. वाशी-नेरूळच्या वसाहतींत जे तिशीत राहायला आले, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली तेव्हा ज्यांचा प्रवास सोपा झाला, ती पिढी आज सत्तरीत आणि ऐंशीत आहे. सिडकोच्या जुन्या इमारतींपैकी कित्येकांना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणे हाच त्यांच्या दिवसातला मोठा प्रश्न असतो. जिना उतरताना वरचा गुडघा वाकवून शरीर हळू खाली सोडावे लागते, आणि ताई चीतला किंचित वाकलेला, भार सोसणारा गुडघा नेमके हेच काम शिकतो. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींतही हीच स्थिती.

योगाची बैठक इथे आधीपासून पक्की आहे. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थेने योग घराघरांत नेला. त्या मानाने ताई चीचे वर्ग थोडे. पण जागेची अडचण नाही. कचराळी तलाव, उपवन, वाशीचा सागर विहार, खारघरचे सेंट्रल पार्क येथे पहाटे फिरायला येणाऱ्यांत ज्येष्ठच जास्त असतात. नवी मुंबईतील विरंगुळा केंद्रे आणि दोन्ही शहरांतील ज्येष्ठ नागरिक संघ ही तर तयार घरेच आहेत. पत्त्यांच्या डावाआधीचा अर्धा तास ताई चीला द्यावा, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते. घरीही टीपॉय बाजूला सरकवला की हॉलमधली जागा पुरते.

करताना. पहिले काही महिने शिकवणारा समोर असावा. व्हिडिओत हात दिसतात, वजन कोणत्या पायावर आहे ते दिसत नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा, आत झुकू नये आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. गुडघे दुखू लागतात ते याच चुकीने. खोल बसण्याचा हट्ट नको. सपाट, पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट चांगले. स्लिपरवर कधीही करू नये. साडीपेक्षा सलवार किंवा ट्रॅक पँट सोयीची, कारण पाऊल स्वतःला दिसले पाहिजे. चक्कर येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडे फार ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. जूनपासून बाग सोडून सोसायटीच्या हॉलमध्ये यावे.

परिणाम दिसायला तीन ते सहा महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, इतका सराव लागतो. ज्यांना आधाराशिवाय उभे राहता येत नाही त्यांनी जड, न सरकणाऱ्या खुर्चीच्या पाठीला एक हात ठेवून फक्त वजन डावीकडून उजवीकडे न्यावे आणि आणावे. तेही जमत नसेल तर खुर्चीत बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकवावेत आणि ‘ढगांसारखे हात’ करावेत. हात उजवीकडे गेले की उजवा तळपाय जमिनीत दाबला जातो, डावीकडे गेले की डावा. पहिल्या दिवशी एवढे पुरे आहे.