केंटकीच्या तंबाखू-हप्त्यांमागचा इतिहास

2005 ते 2014 या दहा वर्षांत अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हजारो कुटुंबांच्या नावे दरवर्षी तंबाखूचा हप्ता जमा होत होता. माणसे मारणाऱ्या पिकाला सरकारने पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण हे पैसे पीक घेण्यासाठी नव्हते. सरकारने स्वतःच दिलेला एक हक्क काढून घेतला, त्याची ती भरपाई होती.

तो हक्क म्हणजे कोटा: ठरावीक मापापर्यंत तंबाखू पिकवून विकण्याची मुभा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स ड्यूकच्या अमेरिकन टोबॅको कंपनीने खरेदी अशी मुठीत घेतली होती, की ती देईल तोच भाव. पश्चिम केंटकीतल्या शेतकऱ्यांनी संघटना करून माल अडवला. त्यांच्यातले काही रात्री तोंड झाकून वखारी पेटवू लागले आणि डिसेंबर 1907 मध्ये हॉपकिन्सव्हिल गावावरच चालून गेले. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडली, तरी गिऱ्हाईक मोजकेच राहिले. पुढे महामंदीत रूझवेल्ट सरकारने 1933 आणि 1938 च्या कायद्यांनी तोडगा काढला: पिकावर मर्यादा आणि बदल्यात हमीभाव. लिलावात बोली हमीभावापर्यंत चढली नाही, तर सहकारी संस्था सरकारी कर्जावर तो माल उचलत.

कोटा मात्र कसणाऱ्याला नव्हे, जमिनीला जोडलेला होता, आणि पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू झाला. बर्ली या केंटकीतल्या सिगारेटच्या तंबाखूचा कोटा 1971 पासून एकरांऐवजी वजनाने, पौंडांत मोजला जाऊ लागला आणि तो खंडाने देता येऊ लागला. शेती सोडलेले वृद्ध, शहरात गेलेले वारस कोटाधारक राहिले; घाम गाळणारा त्यांना खंड भरू लागला. या व्यवस्थेने दोन-चार एकरांच्या तंबाखूवर घरे तगवली, हे मान्य करायलाच हवे. पण कसणाऱ्याचा खर्चही तिनेच वाढवला.

1982 च्या कायद्याने हमीभाव योजनेचा तोटा उत्पादकांच्याच माथी मारला. कंपन्या स्वस्त परदेशी पानाकडे वळल्या. 1998 मध्ये सिगारेट कंपन्यांनी धूम्रपानाच्या आजारांवर झालेल्या खर्चापोटी 46 राज्यांशी भरपाईचा करार केला. त्या सुमारास बर्लीचा कोटा काही वर्षांतच निम्म्याखाली आला. शेवटी शेतकरीच म्हणू लागले, कोटा विकत घ्या आणि आम्हाला मोकळे करा.

22 ऑक्टोबर 2004 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कोटा आणि हमीभाव संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. कोटाधारकाला पौंडामागे 7 डॉलर, कसणाऱ्याला 3 डॉलर, दहा वार्षिक हप्त्यांत. म्हणजे 3,000 पौंडांच्या मालकाला एकूण 21,000 डॉलर, तर तेवढेच पीक खंडाने काढणाऱ्याला 9,000. मला ही वाटणी अन्यायाची वाटते. पैसा सिगारेट आणि इतर तंबाखू पदार्थांच्या उत्पादक व आयातदारांवरच्या आकारणीतून आला. अर्ज आणि नोंदी काउंटीतल्या, म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढ्या भागातल्या, कृषी खात्याच्या कार्यालयात झाल्या. अनेकांनी हप्त्यांची वाट न पाहता बँकांकडून कमी रक्कम एकदम उचलली.

हमीभाव गेल्यावर बर्लीचा दर पौंडाला सुमारे 2 डॉलरवरून दीडच्या आसपास उतरला. केंटकीने 1998 च्या करारातल्या पैशांपैकी निम्मे शेतीसाठी राखले होते. काउंटी परिषदांमार्फत ते गुरे, कुंपण, चारा अशा कामांना गेले. 2002 च्या कृषी गणनेत राज्यात तंबाखू पिकवणारी 29,000 च्या वर शेते होती. 2022 मध्ये ती हजाराच्याही खाली आली.