पीककर्ज, सावकार आणि रिझर्व्ह बँकेचं वेळापत्रक

रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा. त्याच्या सतराव्या कलमात एक बारीक भेद केलेला आहे. व्यापारी हुंडीवर बँकांना उसने पैसे द्यायचे, तर ती ९० दिवसांत वटणारी हवी. शेतीच्या कामासाठी किंवा पीक बाजारात नेण्यासाठी काढलेल्या हुंडीला मात्र ९ महिन्यांची मुदत दिली होती, आणि १९५१ मध्ये ती १५ महिने झाली. कापसाचा व्यापारी तीन महिन्यांत पैसा फिरवू शकतो. पण जूनमध्ये पेरलेली तूर घरात यायला पुढचं वर्ष उजाडतं, आणि आडसाली उसाला तर दीड वर्ष लागतं. पीक हाती येण्याआधीच मुदत संपणारं कर्ज शेतकऱ्याला शेवटी सावकाराच्याच दारात नेऊन सोडतं. हे त्या कायद्याला कळलेलं होतं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

मध्यवर्ती बँक म्हटलं की नोटा, रेपो दर आणि परकीय चलन एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. भारताच्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात मात्र सुरुवातीपासूनच शेती पतपुरवठ्याचा स्वतंत्र विभाग होता. त्यामागे जुना, कडवट अनुभव होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता, कारण त्या कागदांच्या बळावर जमिनी जात होत्या. १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यानं कोर्टातली लढाई थोडी सोपी झाली, पण बियाण्याला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तिथेच राहिला.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं हा प्रश्न मोजायला घेतला. १९५१-५२ मध्ये ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत सव्वा लाखाहून जास्त कुटुंबांची पाहणी झाली. ए. डी. गोरवाला या पाहणीच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि सदस्यांमध्ये आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ मध्ये अहवाल आला. ग्रामीण कर्जातला सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के निघाला. धंदेवाईक आणि शेतकरी-सावकार मिळून जवळपास ७० टक्के कर्ज देत होते. ‘सहकार अयशस्वी झाला आहे, पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे’ हा त्या अहवालाचा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं भाषणांतून फिरत राहिला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या शिफारशीवरून, तिनं तालुक्याच्या गावी जावं म्हणून.

सहकारी बाजूला पैशाचा जो पाट काढला गेला, तो तीन टप्प्यांचा होता: रिझर्व्ह बँकेकडून राज्याच्या शिखर बँकेला, तिथून जिल्हा बँकेला आणि जिल्हा बँकेकडून गावच्या सोसायटीला. पाटाच्या पाण्याचं जे होतं तेच इथेही झालं. वरच्या अंगाला भरपूर आणि टोकाला ठणठणाट. ज्याच्या नावावर जास्त जमीन आणि ज्याची सोसायटीच्या संचालकांत ऊठबस, त्याचं भरणं आधी. १२ जुलै १९८२ रोजी नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक स्थापन झाली आणि फेरकर्जाचं, म्हणजे बँकांना पुढे वाटायला पैसे देण्याचं, काम तिच्याकडे गेलं. रिझर्व्ह बँकेच्या हाती राहिलं ते नियम करण्याचं काम. पण मध्यवर्ती बँकेच्या एका ओळीच्या नियमानं गावात काय घडू शकतं, हे १९७७ च्या एका नियमावरून दिसतं.

तो नियम असा होता: जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा काढायची असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा काढा. १९९० पर्यंत तो चालला. या काळात देशाच्या ग्रामीण भागात हजारो शाखा उघडल्या. आडवळणाच्या गावातल्या भाड्याच्या खोलीत एक मॅनेजर, एक कॅशियर आणि एक तिजोरी अशा शाखा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

या शाखांनी गरिबी कमी झाली का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर काढणं अवघड आहे. बँका सहसा भरभराटीच्या गावात जातात. अशा गावात बँक आणि सुबत्ता शेजारी-शेजारी दिसल्या, तरी कोणामुळे कोण आलं ते सांगता येत नाही. औषधाच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना नुसती गोळी देता येते. गावांना बँका अशा चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी इथे त्या नियमाचाच उपयोग करून घेतला. नियम येण्यापूर्वी नव्या ग्रामीण शाखा बँका जास्त असलेल्या राज्यांत वेगानं वाढत होत्या. १९७७ नंतर ही दिशा उलटली आणि बँका कमी असलेली राज्यं पुढे गेली. १९९० मध्ये नियम संपल्यावर ती पुन्हा बदलली. दिशा दोनदा बदलली ती सुबत्तेमुळे नव्हे, तर मुंबईत झालेल्या निर्णयामुळे. मग त्याच वर्षांत ग्रामीण गरिबीच्या आकड्यांनाही तशीच वळणं मिळाली का, हे त्यांनी तपासलं. मिळाली होती. जिथे नियमामुळे शाखा जास्त गेल्या, तिथे ग्रामीण गरिबी जास्त घटली आणि शेतीबाहेरचं उत्पादन वाढलं. २००५ मध्ये हा अभ्यास छापून आला.

त्यावर वाद झाले. हे श्रेय एकट्या नियमाचं आहे का, असं इतर अर्थशास्त्रज्ञांनी विचारलं. त्या काळातल्या ग्रामीण कर्जांची थकबाकीही प्रचंड होती आणि तो खर्च कुणीतरी सोसलाच. तरीही माझं मत स्पष्ट आहे. १९५१ मध्ये ग्रामीण कर्जातला संस्थांचा, म्हणजे सरकार, सहकार आणि बँका यांचा मिळून, वाटा ७ टक्क्यांच्या आसपास होता. १९८१ च्या पाहणीत तो ६० टक्क्यांच्या वर गेला. सावकाराला इतक्या लवकर मागे सारणारं दुसरं काही आपल्या इतिहासात मला दिसत नाही. नियम गेल्यानंतर ग्रामीण शाखांची संख्या घटली आणि २००२ च्या पाहणीत तो वाटा ५७ टक्क्यांवर उतरला.

आजचं मुख्य हत्यार म्हणजे शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला (प्रायॉरिटी सेक्टर) कर्ज देण्याचं बंधन. व्यापारी बँकांनी आपल्या कर्जांपैकी ४० टक्के या क्षेत्राला, १८ टक्के शेतीला आणि या अठरापैकी दहा अल्प व अत्यल्प भूधारकांना द्यायचे. लक्ष्य चुकलं, तर तेवढी रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीसारख्या ठिकाणी कमी व्याजानं अडकवून ठेवावी लागते. कागदावर हे चोख आहे. पण ‘शेतीकर्ज’ कशाला म्हणायचं याची व्याख्या १९९० नंतर सैल होत गेली. शीतगृहं, अवजारांचे विक्रेते, शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या कंपन्या सगळे तिच्यात आले. आर. रामकुमार आणि पल्लवी चव्हाण या अभ्यासकांनी आकडे लावून दाखवलं, की महाराष्ट्रातल्या शेतीकर्जाचा मोठा भाग शहरी आणि महानगरी शाखांमधून वाटला जात होता. हे कर्ज मुंबईत कोणत्या शेतात पेरलं गेलं, असा प्रश्न मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं विचारला तर तो रास्तच आहे. जून २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एक चांगली दुरुस्ती केली. ज्या जिल्ह्यात माणशी अग्रक्रमाचं कर्ज ९,००० रुपयांहून कमी, तिथलं १०० रुपयांचं नवं कर्ज लक्ष्यात १२५ धरायचं. जिथे ते ४२,००० च्या वर, तिथलं ९० धरायचं. १९७७ च्या नियमाची धार याला नाही, पण दिशा तीच आहे.

कर्ज पोचलं म्हणजे न्याय झाला असंही नाही. बचत गटाच्या बैठकीत सांगितला जाणारा ‘फक्त एक टक्का महिना’ हा दर घ्या. ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी, सरळ १२ टक्क्यांनी. व्याज ७,२०० रुपये होतं आणि हप्ता १,५५० चा. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, तरी व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ३०,००० वरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्ज (मायक्रोफायनान्स) कंपन्यांच्या वसुलीचा जाच टोकाला गेला. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारनं वटहुकूम काढला. मग मालेगम समिती नेमली गेली आणि रिझर्व्ह बँकेचे या कंपन्यांसाठी वेगळे नियम आले. २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज तारणाविना द्यायचं. घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायची नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. खरा वार्षिक दर लिहिलेलं पत्रक हातात द्यायचं. व्याजाची वरची मर्यादा मात्र तेव्हाच काढून टाकली गेली, आणि ते मला पटलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच अवाजवी व्याज लावल्याबद्दल चार कंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून थांबवावं लागलं.

नियम करणाऱ्यालाही समोरचा माणूस ओळखावा लागतो. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांनी बायकांच्या बँकेसाठी परवाना मागितला, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून तो परत आला होता. त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

वेळापत्रकाचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून महाराष्ट्रात शून्य टक्के व्याज पडतं. मार्च जवळ येतो, माल घरात असतो, भाव पडलेला असतो. मग ‘नवं-जुनं’ करण्यासाठी, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलण्यासाठी, आठ-दहा दिवस पैसे लागतात. ते सावकार देतो. महिना शेकडा पाचनं लाख रुपये उचलले आणि त्यानं पुरा महिना धरला, तर ५,००० गेले. सात टक्क्यांच्या हिशोबानं सरकारी सवलतीनं वर्षभरात ७,००० वाचलेले असतात. म्हणजे सवलतीतला मोठा घास सावकाराच्याच घरी जातो. थकीत कर्ज बुडीत धरताना रिझर्व्ह बँक पिकाचा हंगाम मोजते. अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थांबते. सवलतीच्या तारखेला मात्र पिकाचं भान नाही. ही तारीख सरकारची आहे, पण ती तूर, कापूस आणि उसासाठी वेगवेगळी असावी असा आग्रह रिझर्व्ह बँकेनं धरायला हवा.

आणखी एक भगदाड आहे. गावची सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार निबंधकाची असते. सूक्ष्मकर्ज कंपनीकडून ३०,००० घेणाऱ्या बाईला खरा दर लिहिलेलं पत्रक मिळण्याचा हक्क आहे, पण सोसायटीतून दीड लाख उचलणाऱ्या तिच्याच नवऱ्याला गटसचिव सांगेल तो आकडा मानावा लागतो, आणि कर्जातून सोसायटीच्या शेअर्सपोटी कपात किती झाली हे घरी येऊन नोटा मोजल्यावर कळतं. देशभरातल्या सोसायट्यांचं संगणकीकरण आता सुरू आहे. त्याच संगणकातून मराठीत छापलेलं एका पानाचं पत्रक काढून कर्जदाराच्या हातात देणं सहकार खात्याला आजही जमण्यासारखं आहे.