पार्श्वभूमी : छोट्या जर्मन डिझेलचा टिकाऊपणा आणि त्यामागचा वाद

'जुनी जर्मन डिझेल मरत नाही' असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच इंजिन असतं : फोक्सवागन गटाचं 1.9 लिटरचं टीडीआय (टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, आणि थेट इंजेक्शन असलेलं डिझेल), आणि तेही 1990 च्या दशकातलं. त्या काळच्या यंत्राने नाव कमावलं आणि पुढे ते मागच्या दारावर तीच तीन अक्षरं मिरवणाऱ्या, पण आतून पार बदललेल्या गाड्यांना आपोआप चिकटलं. या गाड्यांच्या भरवशाबद्दलचे आजचे निम्मे वाद या सरमिसळीतून निघतात.

डिझेल इंजिनाच्या जन्माची कथा इथे सोडून देऊ. छोट्या गाडीच्या दृष्टीने तिचा फारसा उपयोग नाही. 1936 मध्ये मर्सिडीजने 260 डी आणली ती टॅक्सीवाल्यांच्या पसंतीस उतरली, आणि पुढची चाळीस वर्षं डिझेल म्हणजे मोठी, जड, धिम्या चालीची गाडी हेच समीकरण राहिलं. छोट्या गाडीत अडचण होती ती इंजेक्शन पंपाची. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (दट्ट्या) असलेला पंप महाग आणि अवजड पडायचा. 1970 च्या दशकाच्या मध्यावर एकाच प्लंजरने चारही सिलिंडरना डिझेल वाटणारा आटोपशीर पंप आला आणि गणित बदललं. त्याआधी 1973 च्या तेलटंचाईने पश्चिम जर्मनीला चार रविवार गाड्या घरी ठेवायला लावल्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं.

फोक्सवागनच्या छोट्या गोल्फ गाडीच्या 1976 च्या डिझेल आवृत्तीत 1471 सीसीचं, 50 अश्वशक्तीचं इंजिन होतं. पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातून ते काढलेलं होतं. खर्च त्यामुळे आवाक्यात राहिला, पण डिझेलचा दाब सोसताना सुरुवातीच्या इंजिनांची हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सांधपट्टी) जायची आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागत. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला अठरा सेकंदांच्या आसपास लागायचे. तरीही लोकांनी ती घेतली. लिटरला पंधरा किलोमीटर हे एक कारण होतं. दुसरं कारण आता कुणाला आठवत नाही. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांना कार्ब्युरेटर, चोक, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर असं सगळं लटांबर असायचं आणि दमट सकाळी त्यातलं काहीतरी रुसायचं. डिझेलमध्ये ठिणगीचा कारभारच नव्हता. ग्लो प्लग (सिलिंडर गरम करणाऱ्या कांड्या) तापले, इंजिन फिरलं, की गाडी सुरू. डिझेलच्या भरवशाची पहिली ख्याती अशी पेट्रोलच्या दुखण्यांवर उभी राहिली, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत हीच गाडी रॅबिट नावाने गेली आणि 1979 च्या दुसऱ्या तेलसंकटात चांगली खपली. 1980 च्या दशकात तिथे पेट्रोल स्वस्त झालं, त्यात एका अमेरिकी कंपनीच्या मोठ्या व्ही-8 डिझेलने सगळ्याच डिझेलचं नाव घालवलं, आणि तो बाजार आटला.

खरा सोन्याचा काळ त्यानंतरचा. तोवर छोट्या डिझेलमध्ये इंधन आधी एका बाजूच्या लहानशा कप्प्यात पेटायचं आणि तिथून ज्वाळा सिलिंडरमध्ये शिरायची. आवाज मऊ व्हायचा, पण कप्प्याच्या भिंती उष्णता खाऊन टाकायच्या. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारला तर साधारण पंधरा टक्के इंधन वाचतं हे ट्रकवाल्यांना केव्हाचं माहीत होतं. प्रवासी गाडीत मात्र तो खडखडाट चालत नव्हता. 1988 मध्ये फियाटने क्रोमात हे आधी करून दाखवलं. जर्मन गाड्यांच्या भक्तांना ही आठवण आवडत नाही. 1989 मध्ये ऑडी 100 मध्ये पाच सिलिंडरचं 2.5 लिटर टीडीआय आलं, पंपावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, 1991 मध्ये त्याचा चार सिलिंडरचा 1.9 लिटर भाऊ आला आणि 1993 मध्ये तो गोल्फमध्ये बसला.

90 अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, होता 202 न्यूटन मीटर, तोही 1900 आरपीएमला. त्याच गोल्फच्या 90 अश्वशक्तीच्या 1.8 लिटर पेट्रोलला मिळायचा 145. कागदावर दोघांची ताकद सारखी, पण चढावर गिअर न बदलता निघून जायची ती डिझेल. टिकाऊपणाची कारणंही साधी होती. बिडाचा ब्लॉक, आठ व्हॉल्व्ह, क्वचितच 3000 च्या वर जाणारं इंजिन आणि डिझेलनेच आतून वंगण मिळणारा पंप. सक्तीचं पथ्य एकच, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलणं. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसे. हवेचं माप घेणारा सेन्सर दगा द्यायचा, 110 अश्वशक्तीच्या इंजिनातल्या टर्बोची पाती काजळीने अडकायची. गंमत म्हणजे हा दुसरा रोग जपून, हळू चालवणाऱ्यांनाच जास्त व्हायचा.

पण या गाड्या तीन-चार लाख किलोमीटर गेल्या त्याचं सगळं श्रेय कारागिरीला देता येत नाही. डिझेल कोण घेत होतं तेही पाहावं लागतं. जर्मनीत डिझेलवर लिटरमागे 47.04 सेंट कर आणि पेट्रोलवर 65.45. उलट वाहनकर डिझेल गाडीला जास्त : 2009 पासूनच्या नोंदणीला दर 100 सीसीमागे 9.50 युरो, पेट्रोलला 2 युरो. 1.6 लिटरची डिझेल घेणारा वर्षाला 120 युरो जादा भरतो. लिटरमागची सवलत विक्रीकरासह 22 सेंटच्या आसपास जाते. शंभर किलोमीटरला पाच लिटर धरले तर नुसत्या कराची भरपाई व्हायलाच वर्षाला 11 हजार किलोमीटर लागतात. गाडीची चढी किंमत वेगळीच. म्हणजे हिशेबी माणूस डिझेल घेणार तो रोज महामार्गावर लांब जाणारा असला तरच. आणि कोणत्याही इंजिनाला सर्वात मानवतं ते हेच : एकदा तापणं आणि तासभर एका लयीत चालणं. ज्या गाड्या मुळातच उत्तम आयुष्य जगल्या त्यांचे आकडे पाहून आपण सगळ्या डिझेलना दीर्घायुषी ठरवलं.

फोक्सवागनची 1999 ची लुपो 3 एल ही या वाटेवरची सर्वात देखणी करामत. तीन सिलिंडर, 1.2 लिटर, 61 अश्वशक्ती, दारं आणि बोनेट वगैरे हलक्या धातूंचं, आणि शंभर किलोमीटरला 2.99 लिटर, म्हणजे लिटरला 33 किलोमीटर. गिअर बदलणारी तिची स्वयंचलित यंत्रणा मात्र नाजूक, आणि किंमत तिच्या आकाराला न शोभणारी. 2005 मध्ये ती बंद झाली.

याच सुमारास बाकीच्या इंजिनांत गुंतागुंत वाढत होती. 1998 पासून प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-इंजेक्टर आला, दाब 2000 बारच्या वर गेला. पण त्याला ढकलणाऱ्या कॅमला (कॅमशाफ्ट या दांड्यावरच्या उंचवट्याला) जागा करून देताना व्हॉल्व्हचे कॅम अरुंद झाले आणि चुकीचं ऑइल घालणाऱ्यांचे कॅमशाफ्ट झिजले. मग सगळ्या सिलिंडरना एकाच दाबनळीतून डिझेल देणारं कॉमन रेल आलं, काजळीचा फिल्टर आला. फिल्टर जाळून साफ करायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, ते शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत मिळत नाही. जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल मग ऑइलमध्ये उतरतं. याच वर्षांत युरोपात नव्या गाड्यांमधला डिझेलचा वाटा निम्म्याच्या घरात गेला होता, म्हणजे लांब न जाणाऱ्यांनीही ती घ्यायला सुरुवात केली होती.

या सगळ्यामागे धुरातले हवा दूषित करणारे नायट्रोजन ऑक्साइड होते. युरोपच्या धूर-नियमांच्या मालिकेतल्या 2000 च्या युरो 3 ने डिझेलला त्यांची स्वतंत्र मर्यादा पहिल्यांदा घातली, किलोमीटरला 0.50 ग्रॅम. युरो 5 ला ती 0.18 झाली, 2014 च्या युरो 6 ला 0.08. मर्यादा गाठायचा स्वस्त मार्ग म्हणजे ईजीआर : जळालेला धूर थोडा परत आत घ्यायचा, त्यामुळे ज्वलन थंड होतं आणि ऑक्साइड कमी बनतात. पण काजळी वाढते. थंडीत त्या काजळीत ऑइलची वाफ आणि पाणी मिसळून डांबरासारखा थर इनटेकमध्ये बसतो. ईजीआर जास्त चालवलं तर इंजिन तुंबतं, कमी चालवलं तर हवा घाण होते. 1.9 टीडीआयच्या काळात नियम सैल होते म्हणून इंजिनाच्या बाजूने झुकणं सोपं होतं. त्या इंजिनाच्या टिकाऊपणाचा एक हिस्सा असा हवेच्या खात्यातून आलेला आहे.

सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत उघड झालेली फोक्सवागनची फसवणूक सर्वांना माहीत आहे : चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच ऑक्साइड कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. इथे महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा निर्णय. ऑक्टोबर 2015 मध्ये जर्मनीतल्या मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने कंपनीचा ऐच्छिक दुरुस्तीचा प्रस्ताव बाजूला ठेवून देशातल्या 24 लाख गाड्या सक्तीने मागवल्या. ऐकायला कडक. प्रत्यक्षात 2.0 लिटर इंजिनाला अर्ध्या तासाचं नवं सॉफ्टवेअर, आणि 1.6 लिटरला त्यासोबत हवेच्या सेन्सरपुढे जाळी बसवलेली एक नळी. अमेरिकेत नियम इतके कडक होते की नुसत्या सॉफ्टवेअरने निभावणं शक्य नव्हतं. तिथे 2016 च्या तडजोडीत 1,470 कोटी डॉलरपर्यंतची तरतूद झाली आणि मालकाला प्रकरण फुटण्याआधीच्या भावाने गाडी परत करता आली. जर्मन मालकाला त्या वेळी परत देण्याचा पर्याय नव्हताच. उलट दुरुस्ती नाकारली तर गाडी रस्त्यावरून हटवली जाण्याची टांगती तलवार.

दुरुस्तीनंतर ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतात, फिल्टर वारंवार जळतो, गाडी हिसके देते अशा तक्रारी मालकांनी केल्या. कंपनीचं म्हणणं, इंधनाचा खप, ताकद, आयुष्य कशावरही परिणाम नाही. मला यात मालकांचं म्हणणं यंत्राच्या तर्काला धरून वाटतं : आधी जे ईजीआर रस्त्यावर कमी चालत होतं तेच जास्त चालवायचं, आणि भाग जुनेच, तर थर वाढणार हे उघड आहे. अर्थात दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीचा व्हॉल्व्ह तसाही कधीतरी जातोच, त्यामुळे एखाद्या गाडीपुरतं हे सिद्ध करणं कठीण गेलं.

पुढचा प्रवास आणखी विचित्र. नव्या सॉफ्टवेअरमध्येही तापमानाची खिडकी होती : बाहेर 15 ते 33 अंशांच्या दरम्यान, आणि 1000 मीटरपेक्षा कमी उंचीवर, ईजीआर पूर्ण चालणार, त्याबाहेर कमी. युरोपच्या 2007 च्या नियमात अशा सवलतीला एक फट होती, इंजिनाचं नुकसान किंवा अपघात टाळण्यासाठी आवश्यक असेल तर. मग न्यायालयापुढे प्रश्न आला तो थेट टिकाऊपणाचा : हळूहळू काजळी धरणं हे 'नुकसान' आहे का? डिसेंबर 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की इंजिनाचं जुनं होणं आणि तुंबणं या फटीत बसत नाही. अचानक, गाडी चालवताना धोका निर्माण करणारा बिघाडच बसतो. जुलै 2022 मध्ये ऑस्ट्रियातल्या खटल्यांत तेच न्यायालय 15 ते 33 अंशांच्या खिडकीवर बोललं. वर्षातला बराचसा काळ जी सवलत चालू राहते ती अपवाद म्हणता येणार नाही, असा त्याचा रोख होता. फेब्रुवारी 2023 मध्ये जर्मनीतल्या श्लेस्विगच्या प्रशासकीय न्यायालयाने त्या सक्तीच्या दुरुस्तीला दिलेली मंजुरीच एका गोल्फ प्लसच्या बाबतीत बेकायदा ठरवली.

भरपाईतही टिकाऊपणाच मोजला गेला. मे 2020 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने खरेदीदाराला पैसे परत मिळतील, पण वापराचे वजा करून, असं ठरवलं. गाडी फोक्सवागनची मोठी शारान होती, पण इंजिन त्याच कुळातलं. 31,490 युरोंना जुनी घेतलेल्या गाडीचे 25,616 परत आले. वजावट निघते ती झालेले किलोमीटर भागिले गाडीचं अपेक्षित आयुष्य अशी, आणि न्यायालयं ते आयुष्य अडीच ते तीन लाख किलोमीटर धरत. गाडी जितकी दीर्घायुषी मानली जाईल तितकी मालकाच्या पदरात जास्त रक्कम. म्हणून फसवलं गेल्याची तक्रार करणाऱ्यालाच हे इंजिन दीर्घायुषी आहे असं सांगण्यात फायदा होता.

छोट्या डिझेलचा बाजार मात्र याआधीच ढासळला होता. युरो 6 साठी लागणारी, ऑक्साइड निवळवणाऱ्या युरियाची टाकी, उत्प्रेरक, सेन्सर हे सगळं इंजिन लहान झालं म्हणून स्वस्त होत नाही. आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये दोन-दोन ठिकाणी युरिया फवारणारी यंत्रणा परवडली. 2021 मध्ये नव्या रूपात आलेल्या युरोपीय पोलोत डिझेल उरलंच नाही.

जुन्या 1.9 टीडीआयच्या मालकांपुढे वेगळाच अडसर आहे. 2008 पासून जर्मन शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत जायला स्टिकर लागतो, आणि फिल्टर नसलेल्या या गाड्यांना हिरवा मिळत नाही. श्टुटगार्टने 2019 च्या पहिल्या दिवसापासून युरो 4 आणि त्याखालच्या डिझेलना शहरबंदी केली. पण तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची 'एच' पाटी मिळते. तिला 191 युरोंचा ठोक वाहनकर लागतो आणि पर्यावरण क्षेत्रात मोकळा प्रवेश असतो. पहिल्या गोल्फ टीडीआय 2023 पासून त्या वयात यायला लागल्या आहेत.