हेमी इंजिनाचे मोल

१९७१ सालची, उघड्या टपाची एक ‘प्लिमथ हेमी कुडा’ मोटार २०१४ साली सिएटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. विजेवर चालणाऱ्या आजच्या कित्येक घरगुती मोटारी तिला सहज मागे टाकतील आणि तिचे ब्रेक आजच्या मापाने सुमारच ठरतील. तरीही अमेरिकी संग्राहक अशा ‘मसल कार’साठी (प्रचंड ताकदीचे इंजिन बसवलेल्या जुन्या अमेरिकी गाडीसाठी) एवढी किंमत मोजतात, याचे कारण निव्वळ हौसेत शोधणे पुरेसे नाही, त्याचा बराचसा भाग इंजिनाच्या रचनेत आणि त्यावर ठोकलेल्या ओळख-क्रमांकांच्या आकड्यांत दडलेला आहे.

प्लिमथ गाड्या बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीचे ४२६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे हे इंजिन १९६४ साली शर्यतीसाठी तयार झाले आणि १९६६ पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांतही मिळू लागले. त्यात इंधन जळण्याची पोकळी जवळजवळ अर्धगोलाकार असते. ‘हेमी’ हे नाव त्यावरूनच पडले. त्या काळच्या नेहमीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंधन आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप, एका रांगेत बसत असल्याने त्यांच्या आकाराला मर्यादा येते, तर येथे ते समोरासमोर कललेले असल्यामुळे मोठे करता येतात, आणि हवा-इंधनाचे मिश्रण एका बाजूने आत येऊन जळालेला वायू दुसऱ्या बाजूने फारसे वळण न घेता बाहेर पडतो. ठिणगी पोकळीच्या मध्याजवळ पडते. शिवाय घनफळाच्या मानाने पोकळीचे पृष्ठफळ कमी असल्याने भिंतींतून वाया जाणारी उष्णताही कमी होते. या रचनेचा तोटा म्हणजे वजन आणि खर्च.

कंपनीने जाहीर केलेली ताकद ४२५ अश्वशक्ती होती. मात्र तेव्हाची चाचणी इंजिन गाडीबाहेर काढून, सायलेन्सरसारखी ताकद खाणारी जोडकामे वगळून होत असे. ही पद्धत १९७२ च्या सुमारास बदलल्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करू नये.

आवाजाचे गणित याहून मजेदार आहे. आठ सिलिंडरच्या या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, दर ९० अंश फिरला की एक स्फोट होतो, म्हणजे एकंदर ताल अगदी समान असतो. परंतु डावीकडच्या चार आणि उजवीकडच्या चार सिलिंडरांचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून जातो, आणि प्रत्येक बाजूचे स्फोट ९०, १८०, २७० आणि पुन्हा १८० अंश अशा विषम अंतरांनी होतात. गाडी उभी असताना मिनिटाला ८०० फेरे धरले, तर सेकंदाला सुमारे ५३ स्फोट होतात, पण ही विषम लय सेकंदाला जेमतेम सात वेळा पुरी होते. कानाला जी खोल धडधड जाणवते, ती हीच.

दुर्मिळता मात्र बाजारातील अपयशातून आली. १९७० च्या कुडावर हेमीसाठी गाडीच्या मूळ किमतीच्या पाव हिश्शाहून अधिक रक्कम जादा मोजावी लागे, आणि विम्याचा हप्ता तरुण खरेदीदाराला झेपत नसे. त्या वर्षी उघड्या टपाच्या हेमी कुडा अवघ्या १४ निघाल्या. या गाड्यांच्या अस्ताचे खापर सर्रास १९७३ च्या तेलसंकटावर फोडले जाते, ते हेमीच्या बाबतीत चुकीचे आहे. हे इंजिन विमा आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे १९७१ मध्येच बंद झाले होते.

त्यातही अनेक गाड्या शर्यतींत हाकल्या गेल्या आणि त्यांची इंजिने फुटून बदलली गेली. त्यामुळे चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन यांवरचे आकडे जुळणारी गाडी बदललेल्या इंजिनाच्या गाडीपेक्षा कितीतरी महाग जाते, आणि साहजिकच खोटे आकडे ठोकण्याचा मोहही होतो. अशा वेळी धातुशास्त्र मदतीला येते. आकडा ठोकताना त्याखालचे धातूचे कणही दबून विकृत होतात. वरचा थर घासून टाकला तरी ही विकृती काही खोलीपर्यंत शिल्लक राहते, आणि आम्ल लावल्यावर तो भाग वेगळ्या वेगाने झिजून जुना आकडा पुन्हा दिसू शकतो. मात्र या तपासणीत हमखास यश येत नाही, आणि पृष्ठभाग खराब होतो तो वेगळाच. त्यामुळे जाणकार खरेदीदार आधी मागची सीट उचलून पाहतात, कारण कारखान्यातील जोडणीचा मूळ कागद कधीकधी तिच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो आणि त्यावर त्या गाडीत कोणते इंजिन बसवायचे होते, हे नोंदलेले असते.